घरातल्या विडीचा धूर आणि क जीवनसत्त्व : कोकणातल्या घराने काय करावे

पाऊस लागला की कोकणातल्या घरात सगळ्यांची बैठक पडवीत जमते. आमच्याकडे मामंजी पडवीच्या कोपऱ्यातल्या बाकड्यावर विडी ओढत बसत आणि त्यांच्या पायाशी माझा पाच वर्षांचा मुलगा कागदाच्या होड्या करत बसे. पावसाच्या झडीमुळे पुढची ताटी बंद असे आणि मागच्या दाराने येणारा वारा विडीचा धूर ओटीवरून माजघरात ढकलत असे. मुलाला सतत सर्दी आणि खोकला होता. शेजारच्या एका काकूंनी सांगितले, "पोराला व्हिटॅमिन सी देत जा, धुराने काही होत नाही मग." मी बाजारातून चघळायच्या गोळ्या आणल्या, त्या रोज एक याप्रमाणे दिल्या आणि धुराचा बंदोबस्त झाला असे समजून चार महिने स्वस्थ बसले. ती माझी चूक होती. काकूंचे म्हणणे अगदी खोटे नव्हते, पण अर्धेच खरे होते. कोणता अर्धा भाग खरा आहे आणि त्याचा उपयोग कसा करून घ्यायचा, हे ज्यांच्या घरात कोणीतरी विडी किंवा सिगारेट ओढते त्यांच्यासाठी येथे लिहीत आहे.

धूर शरीरात जाऊन काय करतो

विडी ओढणाऱ्याने सोडलेला धूर आणि दोन झुरक्यांच्या मध्ये विडीच्या पेटत्या टोकातून निघणारा धूर, असे दोन धूर मिळून शेजारी बसलेल्याच्या श्वासात जातात. यांपैकी बहुतांश धूर दुसऱ्या प्रकारचा असतो. तो कमी तापमानाला, अर्धवट जळून निघतो आणि कोणत्याही गाळणीतून जात नाही. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने आहेत आणि त्यांपैकी सत्तरच्या आसपास कर्करोगकारक आहेत. तेंदूच्या पानात वळलेली विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा आपल्याकडचा जुना समज आहे, पण तो चुकीचा आहे. विडी वारंवार विझते, म्हणून ती जोराने आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि तिच्यातून निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी येत नाहीत, उलट जास्तच येतात.

या धुरातले कित्येक कण 'मुक्त मूलक' या प्रकारचे असतात. अशा कणात एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो आणि ती जोडी पूर्ण करण्यासाठी तो शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग तो शेजारी पुढच्याचा ओढतो, आणि अशी साखळी पेशींच्या आवरणातल्या चरबीपर्यंत, प्रथिनांपर्यंत आणि जनुकांपर्यंत पोहोचते. क जीवनसत्त्व या साखळीत स्वतःहून मधे पडते. ते आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकते आणि तसे करूनही स्वतः फारसे उपद्रवी होत नाही, त्यामुळे साखळी तिथेच थांबते. फुप्फुसाच्या आतल्या अस्तरावर द्रवाचा जो पातळ थर असतो त्यातही क जीवनसत्त्व असते, म्हणजे धुराची पहिली गाठ तिथेच पडते. चरबीत विरघळणारे ई जीवनसत्त्व पेशींच्या आवरणाची राखण करताना खर्ची पडले, तर त्याला पुन्हा कामाला लावण्याचे कामही क जीवनसत्त्व करते.

मात्र यात ते स्वतः खर्च होते. बहुतेक सस्तन प्राणी आपल्या यकृतात ते बनवू शकतात, पण माणसाला ते बनवता येत नाही आणि त्याचा मोठा साठाही करता येत नाही. म्हणून धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ते कमी आढळते, आणि जे स्वतः ओढत नाहीत पण धुरात राहतात त्यांच्या, विशेषतः लहान मुलांच्या रक्तातही ते कमी आढळते. काकूंच्या सल्ल्यातला खरा अर्धा भाग हा आहे. धुरात राहणाऱ्याच्या शरीरातून क जीवनसत्त्व रोज थोडे अधिक झिजते आणि ती झीज अन्नातून भरून काढावी लागते.

अमेरिकेतल्या बर्कली येथील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या पण दुसऱ्याच्या धुरात वावरणाऱ्या ६७ जणांची तपासणी केली होती. त्यांतल्या ज्यांना दोन महिने रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले गेले, त्यांच्या रक्तातील चरबीच्या नासाडीची खूण दाखवणारा एक घटक सुमारे ११ टक्क्यांनी घटला. खूण घटणे ही चांगली गोष्ट आहे, पण त्यामुळे त्यांचा हृदयविकार किंवा कर्करोग टळला असे या अभ्यासाने दाखवलेले नाही, आणि हा फरक वाचणाऱ्याने मनात पक्का ठेवावा.

जे काम ते करू शकत नाही

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला सोडवण्याची ताकद कोणत्याही आवळ्यात किंवा पेरूत नाही. धुरातून तयारच आलेली कर्करोगकारक द्रव्ये, निकोटीन आणि श्वासनलिकेला बसणारा चटका यांवरही क जीवनसत्त्वाचा इलाज चालत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तेथील सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ सालच्या अहवालाने स्पष्ट म्हटले आहे की दुसऱ्याच्या धुराचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, आणि वेगळी खोली, उघडी खिडकी किंवा पंखा यांनी तो धोका नाहीसा होत नाही. ओढणाऱ्यासोबत राहणाऱ्या न ओढणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. मुलांमध्ये दमा बळावतो, कान वाहतो आणि छातीचे विकार वारंवार होतात.

म्हणून पहिली पायरी स्वयंपाकघरात नसून पडवीत आहे. घरातल्या मोठ्या माणसाला हे सांगणे अवघड असते आणि मलाही ते जमायला वेळ लागला. "मामंजी, तुम्ही विडी सोडा असे मी म्हणत नाही, पण छपराखाली नको," एवढेच मी एके दिवशी म्हटले. ते म्हणाले, "अगं, भर पावसात खळ्यात बसू होय?" प्रश्न रास्त होता. शेवटी गोठ्याच्या पलीकडे, वारा घराकडून बाहेर वाहतो त्या बाजूला, माडाच्या झापांची एक खोपी उभी केली आणि त्यांचे बाकडे तिथे नेऊन ठेवले. विडी थांबली नाही, पण घरातला धूर थांबला, आणि रात्री भिजत खोपीपर्यंत जाण्याच्या कंटाळ्याने त्यांच्या दोन विड्या आपोआप कमी झाल्या. पडवी घराला जोडलेली असते, कौलांच्या फटींतून हवा आत-बाहेर करत असते, म्हणून पडवीत ओढणे हे घरात ओढणेच होय. ओढून आल्यावर हात धुणे आणि अंगातला सदरा बदलून मगच बाळाला घेणे हेही सांगावे, कारण धुराचे अंश कपड्यांवर व गोधड्यांवर बसून राहतात.

गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा हा नियम मोडतो, म्हणून तो त्यांना आल्याबरोबर, चहा देतानाच सांगून ठेवावा. एसटी स्थानक, हॉटेल, कार्यालय अशा सार्वजनिक ठिकाणी २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर धूम्रपानाला बंदी आहे आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा तिथे बोलायला संकोच करू नये. ज्याला सोडायचीच आहे त्याने राष्ट्रीय क्विटलाइनच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा.

किती हवे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि प्रौढ स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. लहान मुलांची गरज वयानुसार याच्या निम्म्याच्या आसपास असते, तर अंगावर पाजणाऱ्या आईची बरीच अधिक असते. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांना नेहमीपेक्षा ३५ मिलिग्रॅम अधिक घ्यायला सांगतात. धुरात राहणाऱ्यांसाठी तेथे वेगळा आकडा ठरवलेला नाही, पण त्यांनी रोजची मात्रा चुकवू नये असे बजावलेले आहे. ३५ मिलिग्रॅम म्हणजे फार काही नाही. तेवढे पेरूच्या एका लहानशा फोडीत मिळते.

एकाच दिवशी भरपूर खाऊन आठवडाभर पुरवता येत नाही. रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास घेतले तर आतडे त्यातला बहुतेक भाग शोषून घेते, पण एका वेळी एक ग्रॅमच्या वर गेले की निम्म्याहून कमी शोषले जाते आणि उरलेले वाया जाते. म्हणून सकाळी थोडे आणि संध्याकाळी थोडे, अशी विभागणी उत्तम.

कोठून मिळवावे

येथे आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व, असे आपण धरून चालतो. आमसुलाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा आणि चिंचेचा टार्टारिक आम्लाचा असतो. चिंचेत क जीवनसत्त्व जेमतेम असते, आणि उन्हात वाळवलेल्या आमसुलावर त्यासाठी भिस्त ठेवू नये. सोलकढी जेवणाला हवीच, माझ्या घरी ती रोज असते, पण ती धुराच्या हिशेबात धरू नये. शहाळ्याचे पाणीही या हिशेबात अगदी थोडे भरते.

याउलट ज्या फळाकडे आपण पाहतही नाही ते काजूचे बोंडू संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व बाळगून असते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तयार केलेल्या काजूच्या जाती आता बागोबागी आहेत, पण पैसा बीला मिळतो, म्हणून बी पिळून घेतात आणि बोंडू झाडाखालीच कुजतो. फाल्गुन-चैत्रात सकाळी बागेत गेले तर झाडाखाली तांबडे-पिवळे बोंडू पसरलेले असतात. जे रात्री पडले आणि ज्यांची साल अजून ताठ आहे, तेवढेच उचलावेत. काल पडलेल्या बोंडवाला आंबूस वास येऊ लागतो आणि तो घेऊ नये. बी काढताना तिच्या टरफलातले तेल हाताला किंवा ओठाला लागू देऊ नये, त्याने कातडी भाजते. मुलांच्या हाती बीसकट बोंडू कधीच देऊ नये. नंतर बोंडू धुऊन त्याच्या चकत्या कराव्यात, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावे. बोंडवातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे घसा खवखवतो, ती खवखव या कृतीने बरीच कमी होते. रस काढायचा असेल तर त्यात थंड केलेली तांदळाची पातळ पेज घालून ढवळावे. तुरटपणाचा भाग पेजेला धरून खाली बसतो. वरचा निवळ रस स्वच्छ फडक्यातून गाळून लगेच प्यावा. माझा मुलगा चकत्या खायला नाखूश असतो, पण हा रस चिमूटभर मीठ घालून दिला की पेला रिकामा करतो.

पेरू हा वर्षभराचा खरा आधार आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, म्हणजे एका मध्यम पेरूने मोठ्या माणसाची गरज दुपटीने भागते. सालीकडच्या भागात ते अधिक असते, म्हणून साल काढू नये. हिवाळ्यातला आवळा पेरूच्या बरोबरीचा किंवा त्याहून वरचढ आहे. त्याच्या कच्च्या फोडी किंवा किसून केलेली कोशिंबीर मोरावळ्यापेक्षा सरस, कारण मोरावळा पाकात शिजताना काही भाग जातोच. परसातली पपई वाटीभर खाल्ली तर दिवसाची गरज जवळजवळ पुरी होते. उन्हाळ्यात एका मध्यम हापूसने सुमारे निम्मी भागते. कच्च्या कैरीचे मीठ लावलेले काप आणि कच्च्या कैरीची चटणी यांचा उपयोग उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यापेक्षा अधिक आहे.

अडचण येते ती नेमकी पावसाळ्यात, म्हणजे घर सर्वांत बंद असते आणि धूर सर्वांत जास्त साठतो तेव्हा. त्या दिवसांत शेवग्याचा पाला आहे. गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर आपण ती भाजी करतो, पण ती आठवड्यातून दोनदा व्हायला हरकत नाही. शिवाय मोड आलेले मूग आहेत. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व नसल्यातच जमा असते, पण मोड येताना ते तयार होते, म्हणून ताज्या मोडांवर लिंबू पिळून, कोथिंबीर घालून कच्चे किंवा नुसते वाफवून खावे. बाजारातली भोपळी मिरची आणि कच्ची कोबी हेही याच रांगेत बसतात.

शिजवताना जाते कुठे

आई नेहमी डाळ चुलीवर रटरटत असताना लिंबू पिळायची, आणि मीही कित्येक वर्षे तेच केले. त्या लिंबाची आंबट चव राहते पण क जीवनसत्त्व बरेचसे जाते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि हवेने नासते. सुरुवातीला खुद्द आरमारातही हीच चूक झाली होती. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातील डॉक्टरने खलाशांच्या स्कर्व्हीवर, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर, लिंबू-संत्री गुणकारी ठरतात हे दाखवले, पण पुढे जहाजावर टिकावे म्हणून त्याने रस आटवून ठेवण्याची शिफारस केली आणि आटवण्यात त्यातला गुण बराच निघून गेला. समुद्रावर आठ-आठ दिवस राहणाऱ्या आपल्या मच्छीमारांनाही, ज्यांच्या केबिनमध्ये विडीचा धूर कोंडतो, माझे सांगणे एवढेच की बाटलीतला आटवलेला रस नेऊ नका, कच्चे पेरू आणि अख्खी लिंबे न्या.

तेव्हा घरी लिंबू पिळायचे ते पातेले उतरल्यावर, ताटात वाढताना. एका लिंबाच्या रसात दहा-पंधरा मिलिग्रॅम मिळते, तेवढेही टिकले पाहिजे. पालेभाजी आधी धुऊन मग चिरावी, चिरून पाण्यात भिजत ठेवू नये. कमी पाण्यात, झाकण ठेवून, रंग हिरवा असतानाच उतरवावी, आणि उरलेले पाणी ओतून न देता आमटीत घालावे. फळ खायच्या वेळीच कापावे. लिंबू-पेरूचा रस तांब्याच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कारण तांब्याच्या संपर्काने क जीवनसत्त्व फार झपाट्याने नासते, आणि आंबट पदार्थ त्या भांड्यात ठेवू नये हे आपल्या आजीचे सांगणे या कारणानेही बरोबर ठरते.

गोळ्यांविषयी

फळे खरोखरच मिळत नसतील तर डॉक्टरांना विचारून छोट्या मात्रेची गोळी घेता येते. पण प्रौढाने रोज २००० मिलिग्रॅमच्या वर कधीच जाऊ नये, आणि मुलांची मर्यादा त्याहून खूपच खाली असते. जास्त मात्रेने जुलाब लागतात, मूतखडा होण्याची शक्यता वाढते. ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे, ज्यांच्या शरीरात लोह साठते, थॅलेसेमियासाठी ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते किंवा ज्यांच्यात जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मोठी मात्रा घेऊ नये. मधुमेहींनी हेही लक्षात ठेवावे की मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटरचे आकडे चुकू शकतात.

"अँटिऑक्सिडंट" (म्हणजे मुक्त मूलकांना रोखणारे) असे लिहिलेल्या मिश्र गोळ्या तर ओढणाऱ्या माणसाला मुळीच देऊ नयेत. फिनलंडमधील मोठ्या अभ्यासात ओढणाऱ्या पुरुषांना गाजरात असणाऱ्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या आणि १९९४ साली आलेल्या निष्कर्षात त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला आढळला. गाजर खाल्ल्याने असे होत नाही, हा परिणाम गोळीतल्या मोठ्या मात्रेचा होता.

गर्भवती स्त्री धुराच्या घरात राहत असेल तर ओढणाऱ्यासाठी बाहेर खोपीची व्यवस्था आजच करावी, थांबू नये. त्या स्त्रीच्या ताटात रोज पेरू, पपई किंवा आवळा यांपैकी काहीतरी ताजे असावे (पपई पूर्ण पिकलेलीच हवी), आणि गोळीचा निर्णय तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी घ्यावा. तेच क जीवनसत्त्व डाळी-भाजीतले लोह शोषायला मदत करते, म्हणून लिंबू किंवा पेरू जेवणाबरोबरच खाणे तिला दुहेरी उपयोगाचे आहे.

मूल झोपेत घरघरत असेल, श्वास घेताना बरगड्यांच्या मधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा कानातून पू येत असेल, तर लिंबू-पेरूवर वेळ घालवू नये, त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. तेथे गेल्यावर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे की घरात विडी ओढली जाते, कोण ओढते, रोज किती आणि नेमकी कोणत्या जागी, आणि चूल पेटत असेल तर तेही सांगावे.